चित्रालची गढी, १८९५ : एका वेढ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कातळकडा येतो आणि दम काढणारी वाट. चित्रालला दोन्ही नाही. हा किल्ला नदीकाठच्या सपाटीवर बसला आहे आणि भोवतीचे डोंगर त्याच्या अंगणात डोकावतात. समोरच्या उतारावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला आतले कोण कुठून कुठे चालले आहे ते दिसते. त्याला गढी म्हटलेले जास्त बरोबर. सुमारे ८० यार्डांचा चौकोन, २५ फूट उंच आणि सात-आठ फूट जाड भिंती, चार कोपऱ्यांत चार बुरूज, आणि नदीवरून पाणी आणायच्या वाटेवर पहारा ठेवायला पाचवा. भिंतीत दगड-मातीच्या थरांमध्ये लाकडी ओंडके घातलेले. धरणीकंपाच्या मुलखात हे बांधकाम शहाणपणाचे. पण पुढे एका पहाटे हेच लाकूड आतल्यांच्या जिवावर उठले.

चित्राल आज पाकिस्तानच्या उत्तर टोकाला, अफगाणिस्तानच्या हद्दीला लागून आहे. तिथल्या राजाला मेहतर म्हणत. फारसीत त्या शब्दाचा अर्थ थोर, वडीलधारा. आपल्याकडे येईपर्यंत त्या शब्दाची काय गत झाली ते आपल्याला माहीत आहेच. या राज्यातून इंग्रजांना महसूल मिळण्यासारखा नव्हता. त्यांना धास्ती होती रशियाची. रशियन तुकड्या पामीरच्या पठारावर दिसू लागल्या होत्या आणि तिकडून बरोघिल, डोरा या खिंडींतून खाली उतरणाऱ्या वाटा चित्रालच्या मुलखात येतात. म्हणून १८८९ साली गिलगिटला ब्रिटिश एजंट पुन्हा नेमला, मेहतराला दरसाल पैसे बांधून दिले आणि त्याच्या दरबारावर नजर ठेवली.

ऑगस्ट १८९२ मध्ये म्हातारा मेहतर अमान-उल-मुल्क वारला आणि गादीसाठी घरातच कापाकापी सुरू झाली. अफझल या मुलाने गादी बळकावली. काबूलहून आलेला चुलता शेर अफझल याने त्याला संपवले. मग थोरला मुलगा निझाम-उल-मुल्क आला आणि चुलता परत काबूलला पळाला. निझाम इंग्रजांच्या पसंतीचा होता. १ जानेवारी १८९५ रोजी तो शिकारीवर असताना त्याचा सावत्र भाऊ अमीर-उल-मुल्क याने त्याला ठार करवले. ती बातमी पसरते न पसरते तोच दक्षिणेच्या जंदोलचा उमरा खान बर्फातून लोवारी खिंड ओलांडून आला आणि त्याने द्रोशचा किल्ला घेतला. त्याच्या मागोमाग शेर अफझलही निघाला.

इथून पुढचे प्रकरण घराघरांत सांगण्याजोग्या शौर्यकथेसारखे सांगितले जाते: मूठभर लोक, मातीची गढी, दीड महिना झुंज, सुटका. ते सगळे खरे आहे. पण निर्णय एकामागून एक मांडले तर वेगळेच चित्र दिसते. गढी ज्यामुळे वाचली, त्यातले बरेचसे गढीतल्या साहेबांच्या हातात नव्हते. आणि वेढा पडला तो मात्र बराचसा त्यांच्याच हाताने.

पेच कसा तयार झाला

गिलगिटचा एजंट जॉर्ज रॉबर्टसन हा मूळचा लष्करी डॉक्टर. तो जानेवारीत चारशेच्या आसपास शिपाई घेऊन निघाला आणि महिनाअखेरीस चित्रालला पोचला. सोबत १४ व्या शीख पलटणीचे सुमारे शंभर आणि काश्मीर दरबारचे तीनशे.

पहिला निर्णय मुक्कामाचा. तो मेहतराच्या गढीत हलला. लष्करी हिशेबाने दुसरी जागाच नव्हती. पण ती गढी म्हणजे राजाचे राहते घर होते, जनाना होता, कोठार होते. परक्या फौजेने तिथे बिछाने पसरले हे चित्राल्यांना आवडणे शक्य नव्हते. तोवर काठावर बसलेले लोक यानंतर सरकू लागले.

दुसरा निर्णय गादीचा. आधी अमीर-उल-मुल्कशी तात्पुरते जमवून घेतले. मग तो उमरा खानाशी संधान बांधून आहे असे दिसल्यावर २ मार्चला त्याला नजरकैदेत टाकून त्याचा लहान भाऊ शुजा-उल-मुल्क याला मेहतर केले. शुजा जेमतेम मिसरूड फुटायच्या वयाचा. पोरगा हुशार आणि धीट होता हे सगळे कबूल करतात. पण ज्या दरबाऱ्यांना शेर अफझलसारखा जाणता पुरुष हवा होता, त्यांच्यापुढे परक्यांनी कोवळे पोर आणून बसवले. शेर अफझल आता दारात येऊन ठेपला होता.

तिसरा निर्णय दुसऱ्याच दिवशीचा. ३ मार्चला दुपार कलल्यावर शत्रू किती आहे ते पाहायला कॅप्टन कॅम्पबेल काश्मीरचे दीडशे शिपाई घेऊन बाहेर पडला. कॅप्टन बेअर्ड आणि कॅप्टन टाउनशेंड बरोबर. किती आहे ते लवकरच कळले. परतायला अंधार झाला आणि माघारीची पळापळ झाली. दीडशेपैकी पन्नासहून जास्त मेले किंवा जखमी झाले. काश्मीरच्या फौजेचा जनरल बाज सिंग आणि मेजर भिकम सिंग दोघेही पडले. कॅम्पबेलचा गुडघा फुटला. बेअर्डला गोळी लागली. डॉक्टर व्हिटचर्चने त्याला काही शिपायांच्या मदतीने, वाटेत डोली उचलणारे एकेक पडत असताना, लांबचा फेरा मारून गढीत आणले. दुसऱ्या दिवशी तो वारला.

ही टेहळणी होती की लढाई, हे बाहेर पडताना कोणी ठरवले नव्हते असेच म्हणावे लागते. टेहळणीला दीडशे माणसे जास्त होतात, लढाईला फार कमी. शिवाय नेली ती माणसे लढाईचा सराव नसलेली, आणि सरावातले शीख मागे ठेवलेले. एका संध्याकाळी अधिकारी गेले, शिपायांचा धीर गेला, आणि काठावर उरलेसुरले चित्राली तेही शेर अफझलकडे गेले.

आत अडकल्यावरचे पर्याय

गढीत आता साडेपाचशेच्या आसपास जीव होते. त्यात शिपाई, नोकर, शुजाची माणसे, आणि कैदेत असलेला अमीर-उल-मुल्कही. कॅम्पबेल अंथरुणाला खिळलेला, म्हणून लष्करी सूत्रे टाउनशेंडकडे आली. वय ३४. राजकीय अधिकार रॉबर्टसनचा, वयाने तोच मोठा. दोघांचे एकमेकांशी फारसे जमत नव्हते, पण वेढा संपेपर्यंत ते त्यांनी आतच ठेवले.

समोर तीन वाटा होत्या.

वाटाघाट करून गिलगिटला परत जाणे. शेर अफझल सुखरूप वाट देण्याची भाषा करत होता. पण १८४२ सालचे काबूल त्या काळच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात होते: अभयाचे वचन घेऊन निघालेली हजारोंची फौज बर्फाच्या घाटांत कापली गेली होती. त्यात जखमी उचलून न्यायचे, वाटेत अरुंद दऱ्या. हा पर्याय नाकारला ते योग्यच झाले. याच दिवसांत वरच्या वाटेवर कोराघच्या दरीत कॅप्टन रॉसच्या साठेक शिखांपैकी बहुतेक मारले गेले, हे गढीतल्यांना तेव्हा माहीतही नव्हते.

दुसरी वाट, संधी साधून बाहेर पडून शत्रूला हाणणे. ३ मार्चनंतर त्याची हिंमत कोणात नव्हती, आणि दारूगोळाही मोजका. शिखांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीमागे सुमारे ३०० काडतुसे, काश्मीरच्या स्नायडरमागे २८०.

तिसरी वाट, दार लावून बसणे आणि कोणीतरी येईल याची वाट पाहणे. कोण येणार, कुठून, कधी, काहीच ठाऊक नव्हते. दक्षिणेची लोवारी खिंड बर्फाने बंद, गिलगिटकडची शांदूर खिंड बर्फाने बंद. ही तिसरी वाट टाउनशेंडने घेतली.

काय केले

बसून राहायचे ठरल्यावर टाउनशेंडने जे केले ते मात्र चोख होते.

सुरुवातीलाच कोठारातला दाणागोटा मोजला आणि सगळ्यांना अर्ध्या शिध्यावर आणले. साहेबलोकांनी घोडी मारून खाल्ली. शीख आणि काश्मिरी शिपायांनी ते मांस घेतले नाही. त्यांच्या वाट्याला कणीक, आणि संपत चाललेले तूप. हे घोड्याच्या मांसाचे लक्षात ठेवायला हवे, पुढे लागणार आहे.

गढीला लागून तबेले आणि पडव्या होत्या, बाग होती, मोठमोठे चिनार होते. शत्रूला आडोसा म्हणून याहून चांगले काय हवे? दिवसा बाहेर डोके काढणे अशक्य, म्हणून रात्री-रात्री माणसे पाठवून जमेल तेवढे पाडले, जाळले. पण सगळे पाडता आले नाही. पूर्वेच्या बागेतला एक बंगलीवजा मांडव, भिंतीपासून पन्नासेक यार्डांवर, तसाच राहिला. त्याची किंमत एप्रिलात कळली.

पाण्याची वाट आच्छादून घेतली. गढी नदीच्या इतकी जवळ असूनही पाणी हाच तिचा सगळ्यात नाजूक भाग होता, आणि शत्रूलाही ते कळत होते. धीर सुटलेल्या काश्मिरी शिपायांच्या पहाऱ्यात शीख मिसळले. सगळ्यांनी जपून, दिसल्यावरच गोळी झाडायची, असा दंडक घातला. मार्चअखेरीस मिळतील त्या कापडाच्या तुकड्यांचे ब्रिटिश निशाण शिवून बुरुजावर चढवले. लष्करी उपयोग शून्य. पण आतल्या माणसांच्या मनावर त्याचा परिणाम झाला असणार, नाहीतर त्या कामाला कोणी सुई धरली नसती.

रॉबर्टसनने स्वतःचे हत्यार वापरले: बोलणी. मार्चच्या मध्यावर आठवडाभर लढाई थांबली आणि निरोप इकडून तिकडे जात राहिले. शेर अफझलला गढी हवी होती, रॉबर्टसनला दिवस हवे होते. त्याने वेळ मारून नेली. या शस्त्रसंधीची दुसरी बाजू रेशुनला दिसली. तिथे दारूगोळा घेऊन येणारी एक छोटी तुकडी अडकली होती. तह झाला म्हणून तिच्या दोन तरुण अधिकाऱ्यांना पोलोचा सामना पाहायला बोलावले. चित्रालमध्ये पोलो म्हणजे आपल्याकडची कुस्ती. नाही म्हणणे अवघड. सामना संपला आणि दोघांना धरून बांधले. गढीवर दबाव आणायला हे कैदी कामी आले. रॉबर्टसन बधला नाही, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा.

७ एप्रिलच्या पहाटे शत्रूने एका बाजूने गोळीबाराचा धुरळा उडवला आणि दुसऱ्या बाजूने एका बुरुजाच्या पायथ्याशी लाकूडफाटा रचून आग लावली. भिंतीतले ओंडके धरले. पाणी, माती, जे हाती येईल ते वरून ओतत होते आणि आगीच्या उजेडात ओतणाऱ्यांवर नेम धरून गोळ्या येत होत्या. रॉबर्टसनच्या खांद्याला गोळी लागली. कित्येक तासांनी आग आटोक्यात आली. बुरूज राहिला.

सुरुंग

एप्रिलच्या मध्यावर बागेतल्या त्या बंगलीतून रात्रभर ढोल आणि सनया वाजू लागल्या. आतल्यांना आधी वाटले, डिवचायला चालले आहे. मग १६ तारखेच्या रात्री बुरुजावरच्या पहारेकऱ्याने सांगितले की जमिनीखालून ठकठक ऐकू येते आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी कान लावून खात्री केली. ढोल कशासाठी होता ते कळले. सुरुंगाचे तोंड बंगलीत होते आणि टोक बुरुजाखाली पोचत आले होते. ठकठक इतकी स्पष्ट होती की अंतर काही फुटांचेच असणार.

या सगळ्या प्रकरणात खऱ्या अर्थाने निर्णयाचा क्षण हाच. आतून उलटा सुरुंग खणायला वेळ नव्हता. बुरूज सोडून मागे दुसरी भिंत घालायला जागा नव्हती. उरले बाहेर पडून ते तोंडच उडवणे. दीड महिना जे करायचे नाही म्हणून ठरवले होते, तेच. टाउनशेंडने ते त्याच दिवशी केले, रात्रीची वाट पाहिली नाही. याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

१७ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास लेफ्टनंट हार्ले ४० शीख आणि ६० काश्मिरी घेऊन पूर्वेच्या दारातून धावत निघाला. काश्मिरी म्हणजे तेच, ३ मार्चला उधळलेले. बंगली घेतली, पण तोंड शोधायला वेळ गेला, कारण ते भिंतीआड होते. आत खणणारे एकेक बाहेर येत होते आणि संगिनीवर जात होते. दारू भरून उडवल्यावर सुरुंग बंगलीपासून बुरुजाच्या पायथ्यापर्यंत उकलला, नांगरलेल्या सरीसारखा उघडा पडला. तासाभराहून अधिक चाललेल्या या झटापटीत शंभरांपैकी ८ मेले, १३ जखमी झाले.

दुसऱ्या रात्री तटाबाहेरून कोणीतरी हाक मारली: शेर अफझल पळाला. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही.

बाहेरून आलेली मदत

शेर अफझल पळाला तो हार्लेच्या हल्ल्याने नव्हे. दोन बाजूंनी फौजा येत होत्या.

एक बाजू सगळ्यांना दिसणारी. जनरल लो याच्याबरोबर १५,००० च्या आसपास फौज नौशेराहून निघाली आणि ३ एप्रिलला तिने मलाकंदची खिंड घेतली. उमरा खानाचे लक्ष तिकडे वळले, आणि शेवटी तो अफगाणिस्तानात गेला.

दुसरी बाजू कोणी हिशेबात धरली नव्हती. २३ मार्चला गिलगिटहून कर्नल केली ३२ व्या पंजाब पायोनियर पलटणीचे चारशे जण आणि काश्मीरच्या दोन डोंगरी तोफा घेऊन निघाला. पायोनियर म्हणजे रस्ते-खंदक खणणारे, आणि ही पलटण मजहबी शिखांची. गावच्या उतरंडीत ज्यांना सगळ्यात खाली बसवले, त्यांची. शांदूरची खिंड १२,००० फुटांवर. कंबरभर बर्फात खेचरे रुतली. तोफा घसरगाडीवर घालून पाहिल्या, तेही जमेना. मग काश्मीरच्या शिपायांनी आणि पायोनियरांनी तोफांचे भाग खांद्यावर घेतले आणि काही शे किलोचे लोखंड बर्फातून पलीकडे नेले. कित्येकांचे डोळे बर्फाच्या झळीने गेले, बोटे गारठली. पलीकडे त्यांनी दोन लढाया मारल्या, चकलवतला आणि निसा गोलला. २० एप्रिलला ते चित्रालला पोचले. जवळजवळ ३५० किलोमीटर.

माझ्या मते गढी वाचवणारा निर्णय कुठला असे विचारले, तर तो हा: खेचर चालत नाही म्हटल्यावर मागे न फिरण्याचा.

निष्पत्ती

शुजा-उल-मुल्क गादीवर राहिला आणि १९३६ पर्यंत राज्य केले. त्या बाबतीत रॉबर्टसनची पारख अगदीच चुकली असे म्हणता येणार नाही. व्हिटचर्चला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रॉबर्टसन सर झाला. टाउनशेंड इंग्लंडात ‘चित्राल चार्ली’ म्हणून मिरवला गेला.

राजकीय निष्पत्ती मात्र विचित्र आहे. ज्या रशियासाठी हा सगळा खटाटोप, त्या रशियाशी पामीरच्या हद्दीचा करार लंडनमध्ये ११ मार्च १८९५ रोजी झाला. म्हणजे गढीत अर्धा शिधा वाटत होते त्या दिवसांत, गढी राखण्याचे मूळ कारण कागदावर मिटत होते.

आणखी एक गोष्ट. लोच्या फौजेने कूच करण्याआधी सरकारने स्वात-बाजौरच्या लोकांना जाहीरनामा काढून सांगितले होते की आम्हाला फक्त वाट हवी, तुमचा मुलूख नको. जूनमध्ये लंडनच्या लिबरल मंत्रिमंडळाने चित्राल सोडायचे ठरवलेही. आठवडाभरात ते मंत्रिमंडळ कोसळले, आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने चित्राल आणि तिकडे जाणारी वाट दोन्ही ठेवून घेतली. जुलै १८९७ मध्ये मलाकंदच्या छावणीवर पठाण चालून आले आणि सगळी सरहद्द पेटली. एकटा मलाकंदचा रस्ता त्याला कारण होता असे नाही, पण दिलेला शब्द मोडल्याचे त्या लोकांना विसरायला दोन वर्षे पुरेशी नव्हती.

वेगळे काय करता आले असते

गढीत जाणे टाळता आले असते का? बहुधा नाही. पण राजा बदलायची घाई टाळता आली असती. २ मार्चला नवा मेहतर आणि ३ मार्चला बाहेर पडून मार खाणे, या दोन गोष्टी एका दिवसाच्या अंतराने आल्या. नव्या मेहतराचा धाक बसायच्या आधीच त्याच्या पाठीराख्यांची अब्रू गेली.

३ मार्चबद्दल वाद नको. चार-सहा चित्राली हेर ते काम करू शकले असते.

बागेतली बंगली पहिल्या आठवड्यात, शत्रूने मोर्चे पक्के करायच्या आत पाडायला हवी होती. तेव्हा माणसे खचलेली होती हे मान्य. पण त्या वेळी दोन-चार माणसे घालवून जे झाले असते, त्याला सतरा तारखेला एकवीस माणसे लागली.

आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही. कर्नल केलीच्या तोफा शांदूरवर अडकल्या असत्या तर? लोची फौज लोवारी ओलांडायला आणखी बरेच दिवस घेती. दरम्यान दुसरा सुरुंग खणला गेला असता. म्हणजे ‘दार लावून बसा, मदत येईल’ हा निर्णय बरोबर ठरला तो बाहेरच्यांच्या पायांमुळे. पण बक्षिसे वाटताना तसा हिशेब कोणी करत नाही. टाउनशेंडला चित्रालने जे शिकवले ते असे: मोजका शिधा, पक्की भिंत, धीर, आणि मदत येतेच.

त्याच माणसाचा दुसरा वेढा

वीस वर्षे पुढे. १९१५ च्या वसंतात मेजर जनरल टाउनशेंड मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) सहाव्या पुणे डिव्हिजनचा प्रमुख झाला. टायग्रिस नदीवरून वर वर जात, नोव्हेंबरात बगदादच्या दारात टेसिफॉनला मार खाऊन, तो ३ डिसेंबरला कुतला परतला. नदीच्या वळणात बसलेले गाव, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि ईशान्य कोपऱ्यात एक मातीचा किल्ला. त्याने तिथेच थांबायचे ठरवले. चित्रालची आठवण त्याने स्वतःच काढली.

त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी मातीच्या किल्ल्याची भिंत तोफांनी फोडली आणि आत घुसले. त्यांना हातघाईने बाहेर काढणाऱ्यांत १०३ वी मराठा होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसे, परक्या मुलखात, परक्यांच्या गढीत. १४ व्या शिखांनी चित्रालला केले तेच.

पण चित्रालला सुरुवातीलाच मोजलेला दाणा कुतला नीट मोजलाच नाही. आपल्याकडे थोडेच दिवस पुरेल एवढे आहे, असे टाउनशेंडने कळवले. ते ऐकून मदतीच्या फौजेने जानेवारीत पूर्ण तयारी नसताना हल्ल्यांवर हल्ले केले आणि हजारो माणसे गमावली. जानेवारी सरता सरता घराघरांत शोध घेतल्यावर पुष्कळ जव निघाला. शिधा तोडायला उशीर झाला होता आणि मदत करणाऱ्यांचे कंबरडे मोडले होते. चित्रालसारखीच इथेही हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले. तिथे दीड महिन्यात निभावले; इथे पाच महिने होते. धर्मगुरूंची परवानगी मागवून एप्रिलात बहुतेकांनी खाल्ले, तोवर शरीरे खंगली होती.

या वेळी शांदूर ओलांडून कोणी आले नाही. मदतीच्या प्रयत्नात २३,००० च्या आसपास माणसे कामी आली किंवा जखमी झाली, आणि तरी ती फौज काही मैलांवर अडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. सुमारे १३,००० जण कैद झाले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकले.

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून भिंतीत बसवलेल्या दिसतात. गावातून किती माणसे लढाईला गेली आणि किती कामी आली, एवढेच त्यावर कोरलेले असते. कुठे, ते नसते.